गारगोटीच्या शिरेतले सोने-चांदी: नकाशापासून पहिल्या बोअरहोलपर्यंत

एक टन खडकात पाच ग्रॅम सोने निघाले तर ती शीर (खडकातल्या भेगेत भरलेला गारगोटीचा पट्टा) लक्ष देण्याजोगी मानतात. पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा तोळा, आणि एक टन गारगोटी म्हणजे सुमारे ७२ सेंटीमीटर बाजूचा ठोकळा. एवढे सोने त्या ठोकळ्यात सगळीकडे सारखे पसरलेले असते तर काम सोपे झाले असते. प्रत्यक्षात ते थोड्याशा कणांत गोळा झालेले असते, बहुधा गंजलेल्या एखाद्या भेगेच्या कडेला. म्हणून एकाच शिरेचा एक तुकडा तपासायला दिला तर शून्य येते आणि शेजारचा दिला तर पन्नास ग्रॅम. दोन्ही आकडे खरे असतात, पण शीर कशी आहे हे त्यांतून कळत नाही. शिरेची रुंदी किती, लांबी किती आणि त्या सगळ्यात सरासरी सोने किती, हे न फसता मोजणे हेच शोधकाचे काम. पुढचा प्रत्येक टप्पा त्या मोजणीसाठी आहे.

हा लेख भूविज्ञानाचे विद्यार्थी, शोधकार्यात नव्याने रुजू झालेले तरुण आणि ‘आमच्या शेतात सोन्याचा दगड निघाला’ म्हणून विचारणारे, अशा तिघांसाठी आहे.

आधी कायदा

भारतात खनिजशोध हा छंद म्हणून करता येत नाही. खाणी आणि खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही पूर्वेक्षण (खनिजाचा शोध) किंवा खाणकाम करता येत नाही, जमीन स्वतःच्या नावावर असली तरीही. २०२३ च्या दुरुस्तीने सोने, चांदी, तांबे, जस्त, हिरे अशा २९ खनिजांसाठी ‘शोध परवाना’ हा नवा प्रकार आणला. तो राज्य सरकार लिलावाने देते. वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

परवाना नसलेल्याने नकाशे वाचावेत, उघड्यावर दिसणारे खडक पाहावेत, जागा जीपीएसवर टिपावी, फोटो काढावेत. काही वेगळे आढळले तर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला किंवा नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला लेखी कळवावे. खाली येणारे चर खणण्याचे, नमुन्याचे आणि ड्रिलिंगचे टप्पे परवानाधारक गटासाठी आहेत.

कोणत्या खडकात शोधायचे

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापला आहे. या बेसाल्टच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक, अकीक, झिओलाइट सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ही गारगोटी लाव्हा थंड झाल्यावर त्यात झिरपलेल्या कमी तापमानाच्या पाण्यातून बनली. तिच्यात सोने शोधणे व्यर्थ आहे. सह्याद्रीतल्या काळ्या दगडात चमकणारे पिवळे काही दिसले तर ते सोने नव्हे, असे धरून चालायला हरकत नाही.

सोन्याच्या शिरांसाठी बेसाल्टखालचे जुने खडक जिथे उघडे पडले आहेत तिथे जावे लागते: पूर्व विदर्भातला साकोली पट्टा आणि त्याच्या आजूबाजूचे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे, दक्षिण कोकणात सिंधुदुर्ग आणि त्याला लागून गोव्यातले धारवाडी शिस्ट. साकोली पट्ट्यात परसोडी आणि कोलारी-भाओरी येथे जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) सोन्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारा सोनझरे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, हीही एक भक्कम खूण आहे.

अभ्यासासाठी मात्र उत्तम शाळा कर्नाटकात आहे. कोलारची चँपियन शीर सुमारे आठ किलोमीटर लांब मागोवा घेता येते आणि तिच्यामागे खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. १८८० च्या दशकात सुरू झालेले तिथले आधुनिक खाणकाम २००१ मध्ये थांबले. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. दोन्ही ठिकाणी शिरा अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या, लोहयुक्त काळसर खडकांत आहेत, आणि त्यामागे कारण आहे. खोलवरून, काही किलोमीटर खालून, वर येणारे सुमारे २५० ते ४०० अंश सेल्सिअसचे पाणी गंधकाच्या साथीने सोने विरघळवून आणते. वाटेत लोहयुक्त खडक भेटला की गंधक लोहाशी जोडले जाऊन पायराइट (लोह-गंधकाचे पिवळे खनिज) बनते, सोन्याची साथ सुटते आणि ते तिथेच साचते. म्हणून शिरेइतकेच लक्ष तिच्या शेजारच्या खडकाकडे द्यावे. ग्रॅनाइटमधल्या शिरेपेक्षा अँफिबोलाइट (काळसर लोहयुक्त खडक) किंवा पट्टेदार लोहखडक कापणारी शीर आधी तपासावी.

चांदीची गोष्ट वेगळी. वरच्या प्रकारच्या खोल शिरांत चांदी थोडीच असते, सोन्यात मिसळलेली. चांदीच्या मोठ्या शिरा बहुतेक तरुण ज्वालामुखी प्रदेशांत, पृष्ठभागापासून एक-दीड किलोमीटरच्या आत, उकळत्या पाण्यातून बनल्या. मेक्सिकोतले ग्वानाह्वातो आणि अमेरिकेतल्या नेवाडाचे कॉमस्टॉक ही त्यांची नामांकित उदाहरणे. भारतातली चांदी मुख्यतः राजस्थानच्या शिसे-जस्ताच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून येते. त्यामुळे आपल्याकडच्या गारगोटीच्या शिरेत चांदी शोधायची असेल तर गॅलेना, म्हणजे शिशाचे जड, चौकोनी फुटणारे करडे खनिज, दिसते का ते पाहावे. चांदी बहुधा त्याच्या सोबतीने येते.

टेबलावरचे काम

गाडी काढण्याआधी दोन आठवडे नकाशांत घालवावेत. जीएसआयच्या ‘भूकोश’ पोर्टलवर १:५०,००० प्रमाणाचे भूवैज्ञानिक नकाशे आणि नाल्यांच्या गाळाचे रासायनिक विश्लेषण विनामूल्य मिळते. त्यातले सोन्याचे आकडे तर पाहावेतच, पण आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ आणि टंगस्टन जास्त काळजीने पाहावेत. सोन्याचा एखादा कण गाळाच्या नमुन्यात येतो किंवा निसटतो. आर्सेनिक मात्र शिरेभोवती रुंद पसरलेले असते आणि नमुन्यात सहसा चुकत नाही.

नकाशावर तीन गोष्टी एकत्र येतात त्या जागा खुणावून घ्याव्यात: दोन वेगळ्या खडकांची सीमा, तिला समांतर किंवा तिरका जाणारा भ्रंश (खडक तुटून सरकल्याची भेग), आणि त्या भ्रंशाला आलेले वळण. सरळ भ्रंशावर जागा उघडत नाही. वळणावर, फाट्यावर, दोन भ्रंश मिळतात तिथे पोकळी होते आणि गारगोटी भरते. जुन्या खाणकामाचे खड्डेही टिपून घ्यावेत. कर्नाटकात प्राचीन खाणकामगारांनी हट्टीसारख्या ठिकाणी थक्क करणाऱ्या खोलीपर्यंत शिरा उकरल्या. एका ओळीतले जुने खड्डे, जवळ कुटलेल्या दगडांचे ढीग आणि खडकात कोरलेले वाटीसारखे खळगे दिसले तर शिरेची दिशा आयती मिळाली. अशा जुन्या विवरात उतरू नये. आत प्राणवायू कमी असतो आणि आधाराची लाकडे कुजलेली असतात.

नाल्यापासून शिरेपर्यंत

नाल्यात नमुना घ्यायची जागा म्हणजे जड कण साचतात ती: वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याच्या प्रवाहाकडे पाठ असलेल्या बाजूचा खळगा, तळखडकाच्या भेगा. वरची सैल वाळू बाजूला सारून तळाजवळचा खडेमिश्रित गाळ घ्यावा. प्रत्येक ठिकाणी माप तेच ठेवावे, म्हणजे २ मिलिमीटरच्या चाळणीतून उतरलेला १० किलो गाळ. माप बदलले की कण मोजण्याला अर्थ उरत नाही.

पॅन (गाळ धुण्याची उथळ थाळी) दोन-तृतीयांश भरून पाण्याखाली धरावा आणि चिखलाचे गोळे बोटांनी पूर्ण मोडावेत. चिकणमातीचा गोळा तसाच राहिला तर तो सोन्याचे कण उचलून बाहेर नेतो. मग पॅन सपाट ठेवून आडवा जोरात हलवावा, म्हणजे जड कण तळाशी बसतात. त्यानंतरच पुढची कडा थोडी कलती करून वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्यावा. पुन्हा हलवा, पुन्हा वाहू द्या. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती सुकवून, कागदाखालून चुंबक फिरवून मॅग्नेटाइट वेगळा करावा. घाई करणारे नवशिके हलवणे कमी आणि वाहवणे जास्त करतात, तिथेच सोने जाते. तेलकट हात किंवा नव्या लोखंडी पॅनवरचे तेलही घातक: बारीक सोने पाण्यावर तरंगून निघून जाते. पॅन आगीवर तापवून तेल जाळावे आणि पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकावा. पारा अजिबात वापरू नये. त्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडे कायमची खराब करते, आणि नाल्यात गेलेला पारा माशांतून गावाच्या ताटात येतो.

सापडलेले कण भिंगाखाली पाहावेत. कडा तीक्ष्ण, पृष्ठभाग खडबडीत, गारगोटीचा तुकडा चिकटलेला, तर उगम जवळ आहे. गोलसर, चपटे, गुळगुळीत कण दूरवरून आले. प्रत्येक फाट्याच्या वर आणि खाली एकेक पॅन करत गेले की सोने कोणत्या ओढ्यातून येते ते कळते.

कण येणे थांबले की उतारावर चढायचे आणि गारगोटीचे सुटे तुकडे पाहायचे. खाली ते विखुरलेले आणि लहान, वर जाताना दाट, मोठे आणि टोकदार होतात, आणि एका रेषेनंतर अचानक संपतात. शीर त्या रेषेच्या किंचित वर, मातीखाली असते.

माती जाड असेल तर जाळे आखून नमुने घ्यावेत. शिरेच्या अपेक्षित दिशेला काटकोनात ओळी, ओळींमध्ये १०० मीटर, ओळीवर दर २५ मीटरला ३० ते ५० सेंटीमीटर खोलीची माती. वरचा काळा थर आणि शेतात बाहेरून आणलेली भर टाळावी. कोकणात आणि गोव्यात जांभा असेल तिथे या आकड्यांवर विसंबू नये, कारण तीव्र निचऱ्याने मूलद्रव्ये इकडची तिकडे झालेली असतात. हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे) आर्सेनिकसाठी फार उपयोगी आहे. मात्र त्याच्या पडद्यावर सोन्याचा आकडा आला तर तो मानू नये. जस्त आणि टंगस्टनच्या रेषा सोन्याच्या रेषेजवळ पडतात, त्यामुळे यंत्र नसलेले सोने दाखवते.

शीर वाचणे

नुसती दुधाळ, एकसंध, टेकडीएवढी पांढरी गारगोटी बहुधा वांझ असते. ती लांबून खुणावते आणि अनेकांचा वेळ खाते. सोन्याच्या शिरेला अंगभर इतिहास असतो: शेजारच्या खडकाच्या पातळ काळ्या पापुद्र्यांनी पडलेले पट्टे, करडा किंवा निळसर रंग, गंजाने भरलेले चौकोनी खळगे. भ्रंश पुन्हा पुन्हा उघडून मिटल्याने ते पट्टे पडतात, आणि प्रत्येक वेळी दाब एकदम कमी होताना नवे सोने येऊ शकते. चौकोनी खळगे म्हणजे विरघळून गेलेल्या पायराइटचे साचे. त्यांच्यातली गंज सुईने खरवडून भिंगाखाली पाहावी. दिसणारे सोने असेल तर तिथेच असते. हिरवट-पिवळी पूड असेल तर ती आर्सेनोपायराइट कुजल्याची खूण, आणि ती चांगली खूण आहे.

उथळ, चांदीच्या शिरांची चेहरेपट्टी निराळी. अकीकासारखे बारीक लहरी पट्टे, पापुद्र्यांसारखी गारगोटी (कॅल्साइटच्या पातळ पात्यांची जागा गारगोटीने घेतल्याने ती तशी दिसते) आणि फिकट गुलाबी फेल्डस्पार. ही पाती पाणी उकळल्याचा पुरावा आहेत, आणि उकळताना धातू पाण्यातून सुटून साचतात. काळा मँगनीजचा थरही पाहावा. चांदीचे काळे खनिज ॲकँथाइट सुरीने शिशासारखे कापले जाते. माथ्यावरची हवा लागलेली चांदी क्लोराइडच्या रूपात करडी, मेणचट दिसते आणि नवख्याच्या नजरेतून सुटते.

सोने आहे की सोन्यासारखे, यासाठी सुई पुरते. कणावर दाबली की सोने दबते, चपटे होते; पायराइट कडकन तुटून काळी पूड होते; चाल्कोपायराइटचाही (तांब्याचे पिवळे खनिज) भुगा होतो; अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. दुसरी खूण म्हणजे दगड उन्हातून सावलीत न्यावा. सोन्याचा पिवळा तसाच राहतो, बाकीचे झगमगतात आणि विझतात.

भिंतींचे, म्हणजे शिरेच्या दोन्ही बाजूंच्या खडकाचे, निरीक्षण वहीत शिरेइतक्याच जागेत लिहावे. पायराइट, क्लोराइट, पांढरे अभ्रक, बायोटाइट, तपकिरी गंजणारे कार्बोनेट यांपैकी काय आहे आणि शिरेपासून किती अंतरापर्यंत? दहा टक्क्यांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्साइट लगेच फसफसतो. अँकेराइट मात्र खडक खरवडून पूड केल्यावरच हळू फसफसतो.

शिरेची दिशा आणि उतार ब्रंटन कंपासने किमान दहा ठिकाणी मोजावा. हातोडा आणि फोन दूर ठेवावेत. पट्टेदार लोहखडकाजवळ कंपास खोटे बोलतो, तिथे जीपीएसने दोन बिंदू घेऊन दिशा काढावी. शीर कुठे वळते, फुगते, दुसरी शीर कुठे मिळते, हे नकाशावर उतरवावे. सोन्याचे भरघोस भाग अशाच जागी असतात आणि शिरेच्या पातळीत एका बाजूला तिरपे खाली उतरत जातात. कोलारमध्येही संपूर्ण शिरेत सोने नव्हते. खाणी या तिरप्या पट्ट्यांमागे गेल्या.

नमुना: सगळे यश-अपयश इथे

सुरुवातीला अंगठ्या, बांगड्या, साखळी, मंगळसूत्र काढून ठेवावे. दागिन्यातून खरवडला गेलेला, डोळ्यांना न दिसणारा कण पूर्ण निकाल बिघडवतो. हा नियम नमुना गोळा करणारे, दळणारे आणि पिशव्या बांधणारे, सगळ्यांना लागू आहे.

सुटा, चांगला दिसणारा तुकडा उचलणे याला नमुना म्हणू नये. तो नकाशावर ‘इथे काही आहे’ एवढेच सांगतो. ग्रेड, म्हणजे टनामागे सोने किती, काढायला चर-नमुना हवा: शिरेला काटकोनात, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत, १० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल चर. एक मीटर लांबीला सुमारे १३ किलो खडक निघतो. खडक पाण्याने आणि ब्रशने आधी स्वच्छ करावा, खाली जाड ताडपत्री अंथरावी. छिन्नी-हातोड्याने मऊ गंजलेला भाग पटकन सुटतो आणि कठीण गारगोटी कमी निघते. सोने गंजात असल्याने ग्रेड फुगते. शक्य असेल तिथे डायमंड ब्लेडच्या कटरने दोन समांतर खाचा पाडून मधला भाग काढावा, म्हणजे ही चूक टळते. कोरडे कापू नये. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसांत गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरे करणारा उपचार नाही. पाणी आणि बसणारा मास्क, दोन्ही हवेत.

शीर, वरची भिंत आणि खालची भिंत यांचे नमुने वेगळे ठेवावेत, आणि शिरेतही पट्टेदार भाग व दुधाळ भाग वेगळे. एका नमुन्याची लांबी ३० सेंटीमीटरपेक्षा कमी आणि १ मीटरपेक्षा जास्त नसावी. पिशवीत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या. क्रमांक निव्वळ एकामागून एक असा असावा, त्यातून जागा ओळखता येऊ नये. दर वीस नमुन्यांत एक कोरा (सोने नसलेला) खडक, एक ज्ञात ग्रेडचा प्रमाणित नमुना आणि एक जुळा नमुना घालावा. कोऱ्यात सोने आले तर प्रयोगशाळेत भेसळ झाली. प्रमाणित नमुना चुकला तर पूर्ण तुकडी पुन्हा तपासायला लावावी. पैसे वाचवायला अनेक जण इथे कात्री लावतात. ही बचत पुढे ड्रिलिंगच्या खर्चाने वसूल होते.

आता मोठा नमुना का लागतो ते आकड्यांत पाहू. प्रयोगशाळा भट्टीसाठी साधारण ३० ग्रॅम पूड घेते. ५ ग्रॅम प्रति टन ग्रेड म्हणजे त्या पुडीत ०.१५ मिलिग्रॅम सोने, म्हणजे फक्त ०.२ मिलिमीटर बाजूचा एकच कण! तो कण चमच्यात आला तर ५, नाही आला तर शून्य. अर्ध्या मिलिमीटरचा कण आला तर आकडा ८० वर जातो.

प्रयोगशाळेला काय सांगायचे

संपूर्ण नमुना २ मिलिमीटरपर्यंत भरडावा, स्प्लिटरने (नमुना सारख्या भागांत वाटणाऱ्या साधनाने) विभागून एक किलो घ्यावा आणि त्याचा ८५ टक्के भाग ७५ मायक्रॉनखाली जाईल इतका दळावा. स्प्लिटर न वापरता हाताने ढिगाचे भाग करू देऊ नयेत. दोन नमुन्यांमध्ये दळणयंत्रातून कोरी गारगोटी फिरवून घ्यावी.

दिसणारे सोने असेल तर साधी फायर ॲसे (पूड भट्टीत वितळवून सोने मोजण्याची चाचणी) पुरत नाही. सोने मऊ असल्याने दळले जात नाही, चपटे होऊन चाळणीवर राहते. म्हणून चाळणीची ॲसे मागावी: एक किलो पूड १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून घालतात, वर राहिलेले सगळे एकत्र तपासतात आणि खाली उतरलेल्यातून दोन नमुने घेतात. समजा वर २५ ग्रॅम राहिले आणि त्यात ३ मिलिग्रॅम सोने मिळाले; खालच्या ९७५ ग्रॅमची ग्रेड २ ग्रॅम प्रति टन आली, म्हणजे १.९५ मिलिग्रॅम. एकूण ४.९५ मिलिग्रॅम, अर्थात ४.९५ ग्रॅम प्रति टन. चाळणीशिवाय हीच शीर २ ग्रॅमची म्हणून सोडून दिली गेली असती.

चांदीसाठी वेगळी चाचणी मागायलाच हवी. फायर ॲसेत सोने गोळा करायला प्रयोगशाळा स्वतःहून चांदी घालते, त्यामुळे त्या मण्यातून नमुन्यातली चांदी कळत नाही. आम्लराजात (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून मोजायची पद्धत कमी प्रमाणाला ठीक. १०० ग्रॅम प्रति टनाच्या वर चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसते आणि आकडा कमी येतो. तिथे चार आम्लांची पद्धत किंवा वजनावर मोजणारी फायर ॲसे सांगावी. शिवाय पृष्ठभागाजवळ चांदी सोन्यापेक्षा लवकर विरघळून निघून जाते. माथ्यावर चांदी कमी आली म्हणून खालीही नाही, असे समजू नये.

सरासरी आणि चर

ग्रेडची सरासरी नेहमी रुंदीने गुणून काढावी. ०.४ मीटरला १२ ग्रॅम, ०.८ मीटरला ३ ग्रॅम आणि ०.६ मीटरला १ ग्रॅम असेल तर (४.८ + २.४ + ०.६) भागिले १.८, म्हणजे ४.३ ग्रॅम. नुसती बेरीज करून तीनने भागले तर ५.३ येते, आणि ते चूक आहे. शीर अरुंद असेल तर खाणीत माणूस किंवा यंत्र शिरेल एवढी किमान रुंदी धरावी. ०.४ मीटरची १२ ग्रॅमची शीर १.२ मीटर रुंद काढावी लागली, आणि भिंतीत काही नसेल, तर ग्रेड ४ ग्रॅमच उरते.

शीर मातीखाली असेल तर दर ५० मीटरला तिला आडवा चर खणावा, साधारण एक मीटर रुंद. दीड मीटरपेक्षा खोल जायचे असल्यास बाजू पायऱ्यांच्या कराव्यात किंवा लाकडाचा आधार द्यावा. मातीची उभी भिंत न सांगता कोसळते. काम झाले की चर बुजवावा, जनावरे पडतात. सलग तीन चरांत शीर आहे, रुंदी टिकते आणि सरासरी ग्रेड आवाक्यात आहे, तेव्हाच ड्रिलिंगचा विचार. पायराइट भरपूर असेल तर त्याआधी इंड्यूस्ड पोलरायझेशन सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून धातुखनिजे हेरणारे) केल्यास बोअरची जागा चांगली ठरते.

पहिला बोअरहोल

होल शिरेच्या वरच्या भिंतीकडून, तिला शक्यतो मोठ्या कोनात छेदेल असा मारावा. समजा शीर पश्चिमेला ७० अंशांनी उतरते आणि ती पृष्ठभागाखाली ६० मीटरवर कापायची आहे. त्या खोलीवर शीर उघड्या भागापासून सुमारे २२ मीटर पश्चिमेला सरकलेली असेल. पूर्वेकडे ५० अंश उताराचा होल ६० मीटर खाली जाताना सुमारे ५० मीटर आडवा जातो. म्हणून होलचे तोंड शिरेच्या उघड्या रेषेपासून ७२ मीटर पश्चिमेला. शीर सुमारे ७८ मीटर लांबीवर भेटेल. तरी शंभर मीटरपर्यंत मारावा, कारण खालच्या भिंतीत समांतर शीर असू शकते. छेदाचा कोन ६० अंश येतो, म्हणून कोअरमधली (होलमधून निघणाऱ्या खडकाच्या दांड्यातली) १.५ मीटर लांबी म्हणजे खरी जाडी १.३ मीटर. अहवालात खरी जाडीच लिहावी.

शिरेजवळ पोहोचताना ड्रिलरला सावकाश जायला सांगावे. भेगाळलेली गारगोटी तुटून पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोने त्याच भुग्यात असते. शिरेच्या भागात कोअर ९५ टक्क्यांहून कमी हाती आला तर त्या ग्रेडवर विश्वास ठेवू नये. बाजूने दुसरी फांदी काढून तो भाग पुन्हा घ्यावा. कोअर पेटीत ठेवल्यावर ओला करून फोटो काढावा, मग करवतीने उभा दोन भागांत कापावा. कापण्याची रेषा भूवैज्ञानिकाने आखावी. कामगाराला जिकडे सोने दिसेल तिकडे कापले जाऊ नये. नेहमी त्याच बाजूचा अर्धा भाग तपासायला जातो, दुसरा पेटीत राहतो.

होलमध्ये शीर भेटली नाही तर लगेच हात झटकू नयेत. आधी होलची वळण-मोजणी पाहावी, कारण रॉड कठीण खडकात वाकतात आणि शंभर मीटरमध्ये काही मीटरचा फरक पडतो. मग कोअरमध्ये भ्रंशाची माती किंवा चुरडलेला भाग शोधावा. शीर भ्रंशाने सरकली असेल तर ती जागा तिथे दिसेल आणि घर्षणाच्या रेघांवरून सरकण्याची दिशाही कळेल. शीर भेटली पण सोने नगण्य, भिंतीत मात्र पायराइट आणि कार्बोनेट भरपूर असेल, तर भरघोस पट्टा बाजूला असण्याची शक्यता आहे. दुसरा होल त्याच खोलीवर शिरेच्या लांबीने ५० मीटर सरकवावा, चरांमधली ग्रेड ज्या बाजूला वाढत होती त्या बाजूला. आणि भिंती कोऱ्या, गारगोटी दुधाळ, आर्सेनिकही नाही, अशा होलनंतर त्या शिरेवर आणखी पैसे घालू नयेत.